रुसलेली रुक्मिणी आणि वन्स मोअर

संगीत नाटकाचा प्रयोग संपला की नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर दुसरा एक प्रयोग सुरू होतो. त्याला तिकीट नसतं, पण भैरवीनंतर घाईघाईनं घरी निघालेला माणूसही तिथं दहा मिनिटं रेंगाळतो. ‘दुसऱ्या अंकातलं ते पद काय लागलं हो!’, ‘छे, ताना फार झाल्या’, ‘आमच्या वेळी हे पद बावीस मिनिटं चालायचं’ अशी परीक्षणं रिक्षा मिळेपर्यंत चालतात. मी समीक्षक नाही. गाणं शिकलेलो नाही, आणि रंगमंचावर चढलो तो फक्त संस्थेच्या खुर्च्या उचलायला. मात्र पायऱ्यांवरच्या या सभेचा मी गेली चाळीसेक वर्षं नेमानं हजर राहणारा सभासद आहे. त्या नात्यानं आज एकच गोष्ट बोलायची आहे. आपण रसिक मंडळी संगीत नाटकाबद्दल बोलतो कसं, आणि त्या बोलण्याचं नाटकाला काय मोजावं लागतं?

आपल्या बोलण्यात नव्वद टक्के पदं असतात. त्यात नवल नाही. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा कथा पुढे नेणारी पदं सूत्रधार म्हणत असे आणि पात्रं त्याबरहुकूम हालचाली व भाषणं करत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक सादर केले आणि ज्याचं दुःख त्याच्याच तोंडी गाणं आलं. दुष्यंताचं मन दुष्यंत गाऊ लागला. ‘शाकुंतल’मध्ये पदं दोनशेच्या आसपास आहेत. एवढी पदं एका नाटकात मावली कशी? कारण त्यांतली बरीचशी छोटी आहेत. एकानं विचारावं, दुसऱ्यानं उत्तर द्यावं, आणि संवाद पुढे सरकावा. अण्णासाहेबांच्या हाती पद हे बोलण्याचंच एक रूप होतं. थोडं भारलेलं, सुरावर ठेवलेलं, पण बोलणंच.

१८८२ साली आलेलं त्यांचं ‘सौभद्र’ आजही रंगतं. त्यात रुसलेल्या रुक्मिणीची श्रीकृष्ण समजूत घालतो, ते पद तुम्हा सर्वांना पाठ असेल. मी ते किती गायकांच्या तोंडून ऐकलं असेल याची गणती नाही. त्यांतले दोन प्रयोग मात्र शेजारी शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. एक मोठ्या शहरातला. कृष्णाच्या भूमिकेत नामवंत गायक. पद सुरू होताच ते दोन पावलं पुढे आले, प्रेक्षकांकडे वळले आणि दहा-बारा मिनिटं अप्रतिम गायले. मागे रुक्मिणी उभी होती. तिला करायला काहीच नव्हतं, म्हणून ती पदराशी चाळा करत राहिली. बाईंचा रुसवा गेला की राहिला, हे आम्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसरा प्रयोग गोव्यातल्या एका देवळाच्या उत्सवातला. गोव्यात देवस्थानाच्या उत्सवांतून हौशी मंडळी आजही हौसेनं संगीत नाटकं करतात. तिथला कृष्ण बेताचा गायक होता. पण तो गायला ते थेट रुक्मिणीला. पहिल्या ओळीला तिनं पाठ फिरवलेली. अंतऱ्याला मान किंचित वळली. एका हरकतीला हसू आलं, ते तिनं ओठांत दाबलं. पद संपलं तेव्हा रुसवा कुठल्या जागी मावळला हे देवळाच्या मंडपातल्या पोराटोरांनाही कळलं होतं. त्या पदानं काम केलं होतं.

आणि मग वन्स मोअर आला! आता पाहा काय होतं. जिचा राग आत्ताच गेला, त्या रुक्मिणीला पुन्हा पाठ फिरवून रुसावं लागतं. कृष्णाला तेच लाडीगोडीचे शब्द पुन्हा खर्ची घालावे लागतात. दुसऱ्या खेपेला सूर कदाचित अधिक चांगले लागतात, पण समजूत मात्र पटत नाही. आपण गाणं परत मागवतो आणि प्रसंग परत पाठवतो, असा हा व्यवहार आहे.

कुणी म्हणेल, वन्स मोअरशिवाय संगीत नाटकाची मजा ती काय? मान्य. ही कला रसिकांच्या वेडावरच जगली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आले. त्यानंतर तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले, आणि त्या रात्रीची आठवण दंतकथेसारखी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पण सांगताना आपण काय सांगतो? कोण कुणाला भारी पडला, एवढंच. खाडिलकरांची भामिनी एका गरीब शूर माणसाचा अपमान करते आणि मग वेषांतर करून त्याच्या छावणीत जाऊन स्वतःचाच गर्व उतरताना पाहते, ही गोष्ट त्या आठवणीतून गळून पडते. नाटकाच्या नावात मान आणि अपमान आहेत. आपण त्याचा सामना करून टाकला.

या सवयीला ध्वनिमुद्रिकांनीही हातभार लावला. जुन्या ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात बसेल असं पद गायलं गेलं, जपलं गेलं. आज आपल्याला बालगंधर्वांचा, मास्टर दीनानाथांचा आवाज ऐकता येतो तो त्या तबकड्यांमुळे, हे ऋण मोठंच. पण तबकडीत प्रसंग नसतो. पदाच्या आधीचं वाक्य नसतं, समोर ऐकणारं पात्र नसतं. पिढ्यान्‌पिढ्या आपण पदं अशी सुटी, देठ खुडलेल्या फुलांसारखी ऐकली आणि तीच मापं घेऊन नाट्यगृहात गेलो. रंगमंचावर विशीतली मुलगी सुभद्रा म्हणून उभी असते. दुर्योधनाशी आपलं लग्न ठरलंय या विचारानं ती हवालदिल झालेली असते. आणि तिसऱ्या रांगेतून कुजबुज येते, ‘रेकॉर्डमध्ये ही जागा अशी नाही.’ त्या बिचारीनं दुर्योधनाला घाबरावं की रेकॉर्डला?

याची किंमत नाटक मोजतं. ‘आम्हाला काय, पदं ऐकायला मिळाली की झालं’ हे आपण इतक्यांदा म्हणालो की ते आयोजकांच्या कानी गेलं. पंधरा नटांचा संच, पडदे, वेशभूषा, महिनोन्‌महिने तालमी यापेक्षा चार गायक, एक निवेदक आणि निवडक नाट्यपदं, हा कार्यक्रम सोपा आणि स्वस्त. पूर्ण नाटक झालंच, तर तीन तासांत बसवायला कात्री लागते ती गद्याला. ज्या संवादातून पद उगवतं तोच जातो, आणि मग नवा प्रेक्षक विचारतो, ‘हे मधेच गायला का लागले?’ त्याचा प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर आपणच छाटून टाकलेलं असतं.

आपल्याच परंपरेनं त्याला खणखणीत उत्तरं दिली आहेत. शालू-शेल्यांसाठी आणि दागिन्यांसाठी ज्यांना डोळे भरून पाहायला लोक येत, ते बालगंधर्व १९१९ साली ‘एकच प्याला’त सिंधू म्हणून फाटक्या, ठिगळं लावलेल्या लुगड्यात उभे राहिले, आणि लोकांनी ती सिंधू डोक्यावर घेतली. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये दारव्हेकरांनी भांडणच गाण्याचं मांडलं. अभिषेकीबुवांच्या चाली आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. तिथं गाणं वगळलं तर नाटकच उरत नाही, आणि नाटक वगळलं तर खाँसाहेबांच्या तानेतली ती जळजळ कळत नाही. अगदी अलीकडे, २०१७ साली, प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ आलं. रंगमंचावर दोनच बायका. तुकोबांची आवली आणि लखूबाई होऊन तिच्या घरी राहिलेली रुक्मिणी. काम करता करता, कुरकुरता कुरकुरता गाणं येतं, आणि विशीतली मुलं डोळे पुसत बाहेर पडतात. संगीत नाटक जुनं झालं म्हणणाऱ्यांनी त्या मुलांना विचारावं.

म्हणून माझं आपल्या सभेला सांगणं एवढंच. पुढच्या प्रयोगानंतर पायऱ्यांवर बोलताना आणखी तीन प्रश्न विचारू या. पहिला, हे पद संपल्यावर रंगमंचावर काय बदललं? कुणाचा राग गेला, कुणाचा निश्चय झाला, की गाण्याआधी होते तिथंच सगळे उभे? दुसरा, पद चालू असताना ऐकणारं पात्र काय करत होतं? गाणाऱ्याला दाद देणारे आपण शेकडो असतो, पण ऐकणाऱ्या नटाला दाद कोण देतो? बारा मिनिटं गप्प राहून प्रसंग तोलून धरणं हे तानेइतकंच अवघड काम आहे. आणि तिसरा, साथीला कोण होतं? अहमदजान थिरकवाँसारखा तबल्याचा बादशहा बालगंधर्वांच्या साथीला बसत असे, इतका मान ज्या जागेला होता, तिथल्या ऑर्गनवाल्याचं आणि तबलजीचं नाव आज आपल्याला जाहिरातीत शोधूनही सापडत नाही. निदान आपल्या तोंडी तरी ते यावं.

वन्स मोअर जरूर द्या, हात आखडू नका. फक्त तो देण्याआधी एक क्षण थांबून रुक्मिणीच्या चेहऱ्याकडे पाहा. तिचा रुसवा खरंच गेला असेल तर टाळ्यांचा कडकडाट करा आणि तिला पुढच्या प्रवेशाला जाऊ द्या. गेला नसेल, तर वन्स मोअरचा हक्क आपला नाही, तिचा आहे.