कर्जाआधी महाडीबीटी

बारावीचा निकाल लागला की जुन्नर-आंबेगावातल्या घरांत कांद्याची पट्टी आणि कॉलेजची फी यांचा हिशोब सुरू होतो. बँकेत कर्जाचा अर्ज देण्याआधी राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल उघडा.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज योजनेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिक्षण फी मिळते. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खरी मेख मात्र इथे आहे: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात, की सवलत गेली!

भीमाशंकर, आहुपे भागातल्या आदिवासी मुलांसाठी घोडेगावचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर ‘स्वयं’ योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. या योजनेचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अर्ज दरवर्षी नव्यानं करावा लागतो. तेव्हा पालकहो, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता आणि आधार जोडलेलं बँक खातं निकालाची वाट न पाहता आत्ताच तयार ठेवा.