खेळातील इजा : प्रतिबंध आणि शुश्रूषा

कृष्णाकाठची भूमी ही तालमींची भूमी होय. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पूर्वी साताऱ्यातच मोडत असे. त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांचा शरीरसाधनेचा वारसा एकच आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले. अशा भूमीत प्रत्येक घरी एखादे मूल तरी मैदानावर असावयाचेच. आणि जेथे मैदान, तेथे मुरगळलेला पाय आणि सुजलेला गुडघा हेही आलेच.

खाशाबांच्या कारकीर्दीचा शेवट गुडघ्याच्या गंभीर इजेने घडविला, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ते मुकले. पुढे साठ वर्षांनी, जानेवारी १९१७ नव्हे तर २०१७ मध्ये, सांगलीत वाढलेल्या क्रिकेटपटू स्मृती मानधना यांच्या गुडघ्यातील अस्थिबंध ऑस्ट्रेलियात खेळताना तुटला. परंतु त्याच वर्षीच्या जूनमध्ये विश्वचषकात त्यांनी इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा काढल्या. या दोन गुडघ्यांच्या दरम्यान वैद्यकशास्त्र फार पुढे गेले आहे. दुर्बिणीतून सांध्याची शस्त्रक्रिया होऊ लागली आणि शास्त्रोक्त व्यायामोपचार रूढ झाला. तथापि शरीराचा धर्म बदललेला नाही. तुटलेला तंतू आपल्याच गतीने जुळतो. म्हणूनच इजेचा परिणाम पुष्कळदा दोन गोष्टींवर अवलंबून राहतो : पहिल्या दोन दिवसांत घरी काय केले जाते, आणि शेवटी मैदानावर परतण्याची किती घाई केली जाते.

प्रथम पहिले दोन दिवस. पाय मुरगळला की घरात तेलाची वाटी गरम होते आणि कोणी जाणते माणूस पाय चोळावयास बसते. हेतू प्रेमाचा असला, तरी कृती अपायकारक असते. मुरगळ्यात अस्थिबंधाचे तंतू फाटून आत रक्तस्राव होत असतो; शेक आणि चोळणे यांनी तो वाढतो. पहिले दोन-तीन दिवस शेक, मालिश आणि दुखऱ्या पायावर धावणे ही तिन्ही वर्ज्य समजावीत. पाय उशीवर उंच ठेवावा, लवचीक पट्टी बेताने बांधावी, आणि वेदना कमी करण्यासाठी फडक्यात गुंडाळलेले बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावे. बर्फ उघड्या कातडीवर कधीही ठेवू नये. परंतु विश्रांतीचाही अतिरेक नको. साध्या मुरगळ्यात दुखणे ओसरू लागताच घोटा हलकेच फिरविणे व सोसेल तेवढा भार देणे हितावह ठरते. महिनाभर अंथरुणास खिळलेल्या पायाचे स्नायू वाळतात.

मुरगळा कोणता आणि मोड कोणती, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. इजा झाल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागील कड अथवा टोक दाबताच कळ येत असेल, तर क्ष-किरण चित्र काढून घेणे अगत्याचे आहे. गुडघ्यात काही तुटल्यासारखा आवाज आला, दोन-चार तासांत तो टरारून सुजला आणि पुढे चालताना दगा देऊ लागला, तर आतील मुख्य अस्थिबंध तुटल्याचा दाट संशय घ्यावा.

मुलांच्या बाबतीत सर्वांत जपावयाचा सांधा कोपराचा. झाडावरून किंवा मल्लखांबावरून पडलेले मूल हात टेकते आणि कोपराच्या वर हाड मोडते. अशा हातास कामट्या लावून घट्ट आवळल्यास रक्ताभिसरण कोंडते. बोटे थंड, फिकट अथवा बधिर होऊ लागली, किंवा हलक्या हाताने सरळ करतानाही मूल कळवळू लागले, तर पट्टी तत्काळ सैल करून रुग्णालय गाठावे. काही तासांच्या विलंबाने स्नायू मरतात आणि पंजा जन्मभर आखडलेला राहतो. कोपर चोळल्याने तर स्नायूतच हाड धरू लागते व सांधा ताठतो. हाडवैद्यावरील श्रद्धा पिढ्यान्पिढ्यांची आहे, आणि काही मोडी आपोआपही जुळतात. परंतु कोणती मोड आपोआप जुळेल आणि कोणती हात घालवील, हे चित्रावाचून कळत नाही. या भागात तर ती सोय नवी नव्हे. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, आणि १९६२ साली तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

कुस्तीच्या हौद्यात खांदा निखळणे नित्याचे. तो जागेवरच हिसका देऊन बसविण्याचा मोह टाळावा. शेजारून जाणाऱ्या शिरा आणि रक्तवाहिन्या त्या हिसक्यात दुखावतात. हात झोळीत घालून रुग्णास तसाच वैद्याकडे न्यावा. मल्लाचा चुरमडलेला कान हे भूषण मानले जाते. वस्तुतः कानाच्या कूर्चेत साकळलेल्या रक्ताचा तो परिणाम असतो, आणि पहिल्या काही दिवसांत ते रक्त वैद्याने काढून दाबपट्टी बांधल्यास बहुधा टळतो. मानेस मार लागून हातापायांत मुंग्या किंवा दुबळेपणा वाटत असेल, तर मान मुळीच हलवू न देता रुग्णवाहिका बोलवावी.

साताऱ्यास धावण्याचा छंद अलीकडे विशेष वाढला आहे. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी गाठली; आणि २०१२ पासून यवतेश्वर घाटात डोंगरी अर्धमॅरेथॉन भरते. घाट चढताना छाती भरून येते म्हणून धावणारा चढणीची तयारी करतो. पण अनेकांचे पाय दुखावतात ते उतरणीवर. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा वेग आवरतात आणि गुडघ्याच्या वाटीवर मोठा दाब येतो. यास्तव उतरणीचा सराव थोडाथोडा वाढवावा, पावले आखूड टाकावीत. नडगीच्या हाडावर बोटाने दाखविता येईल अशा एकाच बिंदूत दुखत असेल आणि ते विश्रांतीतही थांबत नसेल, तर हाडास सूक्ष्म तडा गेल्याची शंका घ्यावी. धावणाऱ्या मुलीचे जेवण श्रमाच्या मानाने अपुरे असेल आणि मासिक पाळी चुकू लागली असेल, तर हा धोका बळावतो. हा विषय घरात संकोचाने दडपून ठेवण्याजोगा नाही.

प्रतिबंधास पैसा फारसा लागत नाही. खेळापूर्वी पंधरा-वीस मिनिटे हलके धावणे, एका पायावर तोल साधणे, मांड्यांचे व्यायाम, आणि उडी मारून गुडघे आत न वळविता मऊपणे उतरणे, एवढा पाठ आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने केल्यास इजा लक्षणीय प्रमाणात घटतात, हे फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींवरील प्रयोगांत दिसून आले आहे. मुलींमध्ये गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांहून बरेच अधिक असल्याने त्यांस या पाठाची गरज विशेष आहे. कबड्डी व खो-खोच्या मैदानातील खडे वेचणे आणि हौद्याची माती नीट उकरून मऊ ठेवणे, हाही प्रतिबंधच होय.

राहिली घाई. अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळावयास सामान्यतः नऊ महिने तरी थांबावे, असे आजचे शास्त्र सांगते. त्यापूर्वी परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा संभव बराच मोठा असतो. नामवंत खेळाडूंच्या त्वरित पुनरागमनामागे वैद्य, व्यायामोपचारतज्ज्ञ आणि अष्टौप्रहर देखरेख असते. शाळकरी मुलास त्यांचे उदाहरण लागू करणे अन्यायाचे आहे. दुखणे थांबले म्हणजे सांधा बरा झाला असे नव्हे. दुखावलेला पाय निकोप पायाइतका बळकट झाला आहे, एका पायावर उडी मारून तोल राखता येतो, आणि वळताना मनात भीती उरलेली नाही, या तीन कसोट्यांस उतरल्यावरच अनुज्ञा द्यावी.

गावच्या यात्रेतील फड किंवा शाळेचा अंतिम सामना तोंडावर आला की मुलगा आपले दुखणे लपवितो, आणि शिक्षक व पालकही त्याकडे काणाडोळा करतात. फड पुढच्या वर्षी पुन्हा भरतो आणि सामनेही पुन्हा होतात; गुडघा मात्र त्या मुलास पुढील पन्नास वर्षे पुरवावयाचा असतो. त्याला त्या दिवशी मैदानाबाहेर बसवून ठेवणे, हे पालकाचे आणि वस्तादाचे पहिले कर्तव्य होय.