पूना आणि पुणे



विषयाचे नाव वाचून काहींना वाटले असेल, की यात तासभर बोलण्यासारखे काय आहे? इंग्रजाला ‘पुणे’ म्हणता येईना, म्हणून तो ‘पूना’ म्हणाला. तो गेला, नाव सुधारले, संपले! ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. ती बरीचशी चुकीची आहे, असे आमचे म्हणणे आहे.

इंग्रज येथे आला तो मराठी शिकून आला नव्हता. त्याचे मुनशी आणि दुभाषे फारसी नाहीतर हिंदुस्थानी बोलत. आपले वाडवडील ‘पुणें’ असे अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो अनुस्वार गेला; पण नपुंसकलिंगी नामाची ती खूण होती. अशा नामाचा शेवट हिंदुस्थानी माणूस ‘आ’वर करतो. आपले सोनें त्याचे सोना, आपले तांबें त्याचे तांबा, आपले केळें त्याचे केला. त्याच वाटेने ठाण्याचे थाना झाले आणि पुण्याचे पूना. ‘ण’चा ‘न’ होणे तर ओघानेच आले. म्हणजे पूना हे रूप मूळचे इंग्रजी नव्हेच. इंग्रजाने ते कानाने उचलले आणि आपल्या लिपीत बसवले. तेही प्रथम शेवटी एक जादा एच लावून! एका देशी भाषेने दुसऱ्या देशी भाषेतील नाव आपल्या वळणावर घेतले, यात अपमान कसला?

आता अर्थाकडे वळू. पुणे म्हणजे पुण्यनगरी, असे आपण मोठ्या हौसेने सांगतो. आठव्या शतकातील राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ‘पुण्य विषय’ आणि ‘पुनक विषय’ असे उल्लेख सापडतात. (येथे विषय म्हणजे प्रांत, व्याख्यानाचा नव्हे.) एकाच काळी दोन रूपे दिसतात, यावरून आमचा कल असा, की लोकांच्या तोंडचे एखादे साधे नाव लेखकांनी संस्कृतात बसवले, आणि ते निरनिराळ्या तऱ्हांनी बसले. ‘पुण्याला’, ‘पुण्यात’ या रूपांत पुण्य दिसते खरे. पण त्याच न्यायाने ‘सोन्यात’ही ‘य’ येतो. तो व्याकरणाचा प्रसाद आहे, तीर्थाचा नव्हे. पुराव्यापेक्षा गोडी अधिक असलेली ही व्युत्पत्ती आहे. अर्थात पुणेकर ती सोडणार नाहीत, हेही आम्ही जाणून आहो.

पण खरी मौज आहे ती इंग्रजी भाषेत या नावाने काय काय उद्योग केले, यात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात तांदळाच्या कागदावर छाप्याने फुले रंगविण्याची एक कला घरंदाज मुलींत चालत असे. तिला ‘पूना पेंटिंग’ म्हणत. पुढे येथल्या लष्करी छावणीत गोरे अधिकारी फुलाचा चेंडू बॅटीने हवेत उडवीत. त्या खेळालाही ‘पूना’ हेच नाव होते. तो विलायतेत गेला आणि बोफर्टच्या ड्यूकच्या वाड्यावरून बॅडमिंटन झाला. एका गावाचे नाव पुसून दुसऱ्या गावाचे चढले. आणि आज आपलीच मुले बॅडमिंटन खेळायला जातात! त्यानंतर ‘पूना’ला थट्टेची कळा आली. पेन्शन घेऊन मायदेशी परतलेला, मिशांना पीळ देत ‘मी पुण्यात होतो तेव्हा’ म्हणून कंटाळा आणणारा कर्नल हे तिकडच्या विनोदाचे ठरीव पात्र झाले. ज्या शहरात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली, ते शहर तिकडच्या विनोदात या कर्नलाच्या मिशांपुरते उरले. आम्हाला राग येतो तो येथे, स्पेलिंगात नव्हे.

१९७८ साली इंग्रजीतही अधिकृतपणे ‘पुणे’ आले. ते योग्यच झाले. आपले नाव आपण उच्चारतो तसे लिहावे. मात्र गंमत पाहा. जुने स्पेलिंग वाचून परका माणूस निदान ‘पूना’ तरी म्हणे. नवे वाचून तो कित्येकदा ‘प्यून’ म्हणतो. हे आपण हसून दुरुस्त करावे.

उरला प्रश्न जुन्या पाट्यांचा. १८१७ चा तह, १९३२ चा येरवड्याचा करार इंग्रजीत ‘पूना’ या नावानेच नोंदले आहेत. ते कागद खोडण्याचा अधिकार कोणालाच नाही. १९४९ साली निघालेल्या विद्यापीठाने मात्र नाव बदलले, आणि २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करते. आम्हाला तो बदल मान्य आहे, कारण त्यात नुसते अक्षर बदललेले नाही. आणि काही जण ‘पूना हॉर्स’ या पलटणीचेही नाव बदला म्हणतील, तर त्यांना आमचा साफ विरोध आहे. ती उभी केली कंपनी सरकारने, हे खरे. पण १९६५ साली ले. कर्नल तारापोर आणि १९७१ साली बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे त्याच नावाखाली लढता लढता पडले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्या रणगाड्यांवरचे ‘पूना’ आता मिशीवाल्या कर्नलाचे राहिलेले नाही.