उरलेल्या नव्वद पैशांचा हिशोब



रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून या शहराला ख्रिस्ती मंडळींची ओळख आहे. आमच्याकडे दशांश देण्याची रीत आहे. कमाईच्या रुपयातले दहा पैसे देवाचे. माझे वडील शाळामास्तर. पगाराच्या संध्याकाळी ते आधी दशांशाचं पाकीट भरायचे, मग दिवा-किराणा, फी, दुखणंखुपणं यांची पाकिटं. म्हणायचे, ‘‘दहा पैसे देऊन सुटलास असं समजू नकोस. उरलेल्या नव्वद पैशांचाही तू मालक नाहीस, कारभारी आहेस.’’

हे वाक्य मला पाठ होतं. कळलं मात्र फार उशिरा.

१९९४ साली थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. मी तेव्हा आमच्या मंडळीचा खजिनदार. खजिनदाराच्या घरचं लग्न म्हणजे चारशे पानं तरी उठलीच पाहिजेत, असं मीच ठरवलं. कुणी म्हटलं नव्हतं. एका खासगी सावकाराकडून चाळीस हजार उचलले, शेकडा तीन रुपये दरमहा. तीन हा आकडा ऐकायला किती लहान! पण महिन्याला बाराशे, वर्षाला चौदा हजार चारशे, आणि मुद्दल जागच्या जागी. माझा पगार साडेचार हजार होता.

गंमत अशी की, या सगळ्यात मी दशांश एकदाही चुकवला नाही. दर महिन्याला साडेचारशेचं पाकीट दानपात्रात पडत होतं. दुधाचे पैसे थकले, धाकट्याची फी थकली, पाकीट थकलं नाही. दीड वर्षानं एका रात्री बायकोनं वही पुढ्यात ठेवली. म्हणाली, ‘‘अहो, देवाला देताय ते चांगलंच आहे. पण दूधवाल्याचे पैसे अडवून देताय. ते पैसे तुमचे कुठले?’’ दीड वर्षात एकवीस हजार सहाशे रुपये नुसतं व्याज गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चार तोळ्यांच्या पाटल्या काढून दिल्या. मी नको म्हणालो, पण फार जोरात नाही, हे कबूल करतो. त्यातून निम्मं कर्ज फिटलं. उरलेलं आमच्या पगारदारांच्या सोसायटीतून कमी व्याजानं घेऊन सावकाराचा कागद फाडला. हप्ते चार वर्षं चालले.

लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घालून काम अडलं की लोक हसतात. मी ती मंडळीत कितीदा वाचून दाखवली असेल! मांडव घालताना मात्र आठवली नाही.

पुढे जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाचं एक प्रवचन वाचनात आलं. त्यात एक माणूस आहे. वर्षाला तीस पौंड मिळत, तेव्हा तो अठ्ठावीसांत भागवी आणि दोन दान करी. कमाई साठ झाली, तरी खर्च अठ्ठावीसच, दान बत्तीस. पुढे नव्वद झाली, एकशेवीस झाली, खर्चाचा आकडा हलला नाही. आपल्याला हे जमणार नाही. आजच्या महागाईत कुणी तसं करूही नये. पण पगार वाढला की आपला खर्च न विचारता त्याच्या मागं धावतो, एवढं त्यावरून लक्षात येतं.

मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातला मूठभर देवासाठी बाजूला काढतात. १९१० पासूनची ही रीत. मला तिच्यातलं आवडतं ते हे की, घरात असलेल्या तांदळातूनच मूठ निघते, उसनवारीच्या नाही.

आमच्या बायकोची भिशी होती, गल्लीतल्या बारा जणींची. त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, जैन सगळ्या. दर महिन्याला एकीला रक्कम मिळे. कुणी शिलाई मशीन घेतलं, कुणी फी भरली. त्या बायांचा हिशोब माझ्या खजिनदारीच्या वहीपेक्षा चोख असे. तिचा नंबर आला तेव्हा मला वाटलं, पाटल्या करेल. तिनं सोसायटीचे शेवटचे दोन हप्ते एकदम भरले आणि उरलेल्या पैशांतून दूधवाल्याच्या मुलीच्या लग्नात आहेर केला.