मृताचे नाव शोधताना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मृत्यूविषयी बोलणे काहींना खटकेल. परंतु आपली गुरुग्रामनगरी प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांची आहे. येथे एखादा माणूस नाहीसा झाला, तर त्याला ओळखणारा शेजारी असेलच असे नाही. म्हणूनच मृताला त्याचे नाव परत मिळवून देणारे न्यायवैद्यकशास्त्र हा विषय मी निवडला आहे.

या शास्त्रापुढे दोन प्रश्न असतात : हा देह कोणाचा, आणि मृत्यू केव्हा झाला? दुसरा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मृत्यूनंतर देह थंड होतो, स्नायू ताठरतात, मग कुजण्याची क्रिया सुरू होते. पण हे वेळापत्रक हवामानानुसार बदलते. 1920 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या डॉ. मोदी यांच्या न्यायवैद्यकावरील ग्रंथानुसार उत्तर भारतात हे काठिण्य हिवाळ्यात 24 ते 48 तास, तर उन्हाळ्यात 18 ते 36 तास टिकते. मे-जूनमध्ये तर भोवतालची हवाच शरीराहून उष्ण असते. तेव्हा देह थंड होण्याच्या गणिताला अर्थच उरत नाही. अशा वेळी माशांच्या अळ्या उपयोगी पडतात. मृतदेहावर माश्या लवकरच अंडी घालतात. अळीची वाढ आणि त्या दिवसांचे तपमान यांवरून मृत्यू निदान किती दिवसांपूर्वी झाला हे सांगता येते.

तज्ज्ञही येथे किती चकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. 1977 साली टेनेसीतील एका उकरलेल्या थडग्यात सापडलेला मृतदेह वर्षाच्या आतला असावा, असा अंदाज मानवशास्त्रज्ञ विल्यम बास यांनी दिला. तो देह प्रत्यक्षात 1864 मध्ये यादवी युद्धात पडलेल्या एका कर्नलचा निघाला! लेप लावून लोखंडी पेटीत ठेवल्याने तो टिकला होता. या धक्क्यातून बास यांनी नॉक्सव्हिल येथे दान केलेले मृतदेह उघड्यावर ठेवून त्यांच्या विघटनाचा अभ्यास सुरू केला. तेथील आकडे मात्र आपल्या अरवलीच्या उन्हाला आणि पावसाळ्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. आपली मोजमापे आपणच घेतली पाहिजेत.

आता पहिला प्रश्न. मांस गेले तरी हाडे बोलतात. कटीच्या हाडांवरून स्त्री की पुरुष हे कळते, मांडीच्या हाडावरून उंचीचा अदमास येतो, दातांवरून वयाचा. परंतु नाव निश्चित करायला तुलनेसाठी जिवंत नातलग लागतात. 2022 साली वसईच्या एका तरुणीच्या हत्येच्या तपासात दिल्लीच्या मेहरौलीच्या जंगलात आणि आपल्या गुरुग्राम परिसरातही अवशेषांचा शोध घेतला गेला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार हत्या मे महिन्यात झाली होती. शोध नोव्हेंबरात सुरू झाला. मध्ये अख्खा पावसाळा गेलेला! तरीही हाडांतील डीएनए वडिलांच्या नमुन्याशी जुळला. पुढे हैदराबादच्या डीएनए केंद्राकडे पाठविलेले हाड व केस वडील-भावाच्या नमुन्यांशी जुळल्याचे जानेवारी 2023 मध्ये जाहीर झाले. भावाचा नमुना का? केसाच्या दांड्यात सहसा मायटोकाँड्रियाचाच डीएनए हाती लागतो आणि तो केवळ आईकडून येतो. भाऊ-बहिणींचा तो एकच असतो.

मात्र एक विवेक पाळला पाहिजे. मृत कोण हे ठरले, म्हणजे मारेकरी कोण हे ठरले असे नव्हे. नोएडातील निठारी येथे 2006 साली सापडलेल्या अवशेषांतून डीएनएच्या साह्याने कित्येक बालकांची ओळख पटली. तथापि 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींच्या फाशीच्या शिक्षा रद्द केल्या आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीस उरलेल्या खटल्यातही निर्दोष ठरविले. मुलांची नावे मिळाली, न्याय मात्र दूरच राहिला. प्रयोगशाळेचे काम तपासाची जागा घेऊ शकत नाही.

1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. ही गोष्ट स्वागतार्हच. परंतु बेवारस मृतदेह आणि बेपत्ता व्यक्ती यांच्या डीएनए-नोंदींची तरतूद असलेले विधेयक 2023 मध्ये मागे घेण्यात आले. तोवर एका राज्यातील निनावी देह आणि दुसऱ्या राज्यात वाट पाहणारी आई यांची गाठ पडणे पुष्कळसे योगायोगावर आहे. सात वर्षे थांग लागला नाही म्हणजे कायदा मृत्यू गृहीत धरू देतो. पण त्या आईने श्राद्ध करावे की दिवा लावून वाट पाहावी?

यास्तव मंडळाला माझी विनंती आहे. आपल्याकडे काम करणाऱ्या ताई, चालक, पहारेकरी यांचे गाव आणि एका नातलगाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवा. आपल्या दातांची क्ष-किरण छायाचित्रे जपून ठेवा. कोणी नाहीसे झाले तर लोकलज्जेस्तव न थांबता पोलिसांत नोंद करा. जिवंतपणी ज्याची विचारपूस झाली, त्याला मृत्यूनंतर निनावी राहण्याची पाळी सहसा येत नाही.