मेक्सिको सिटीतला निळा त्लाकोयो

टाको तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे आज टाको नाही. आज त्लाकोयो.

मी शाकाहारी. मेक्सिकोला निघताना सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "तिकडे रस्त्यावर तुला काय मिळणार?" आईने बॅगेत चिवडा कोंबलाच होता. पण मेक्सिको सिटीत मंडईच्या बाहेर बायका मोठा तवा मांडून बसतात. या तव्याला म्हणतात कोमाल. निळसर पिठाचा गोळा हातावर घ्यायचा, आत शिजवून वाटलेला राजमा भरायचा, टोकं निमुळती करत थापायचं आणि खरपूस भाजायचं. वर फड्या निवडुंगाची शिजवलेली कोवळी पानं, कांदा, कोथिंबीर, थोडं चीज, साल्सा. झाला त्लाकोयो! निळा रंग वरून घातलेला नाही बरं का, मकाच निळा असतो.

पण खरी गंमत पिठात आहे. मका तसाच दळत नाहीत. आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन सालं काढतात आणि मग ओलाच दळतात. हो, चुना. आपण पानाला लावतो तोच! पहिल्या घासाला जो वेगळाच, मातकट वास येतो ना, तो या चुन्यातल्या मक्याचा.

हे नुसतं चवीसाठी नाही. मक्यातलं नायासिन आपल्या अंगी लागत नाही, चुन्यामुळे ते मोकळं होतं. युरोपने मेक्सिकोचा मका नेला, चुन्याची रीत मात्र तिथेच सोडली. 18व्या शतकात स्पेन-इटलीतले गरीब लोक मक्यावरच जगायला लागले आणि त्यांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, भ्रम व्हायचा, माणसं दगावायची. मेक्सिकोतल्या बायकांना नायासिन हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं, पण रीत त्यांनी शेकडो वर्षं सोडली नाही. 2010 मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला वारसा म्हणून मान दिला, त्यातही ही रीत आहे. माझ्या मते तर तीच मुख्य आहे.

आता कामाचं. राजमा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो, म्हणून आधी विचारायचं, "तिएने मांतेका?" मांतेका म्हणजे ती चरबी. केसादिया मागवलीत तर "कोन केसो" म्हणा, नाहीतर या शहरात ती चीजशिवायही येते. (यावरून मेक्सिकोतले लोक आपसात भांडतात, आपण मध्ये पडायचं नाही.)

आणि साल्सा घालण्याआधी विचारा, "पिका?" म्हणजे तिखट आहे का? मावशी हसून "नो मुचो", फार नाही, म्हणाल्या, तर थेंबभरच घ्या.