वादळी किनाऱ्यावरील छप्पर : फ्लोरिडाचे नियम आणि आपण

(किनारपट्टीवरील ग्रामपंचायत सदस्य व बांधकाम कारागीर यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घराचे छप्पर हा विषय तुम्हांला नवा नाही. दर वर्षी वैशाखात कोकणातील घराघरांवर माणसे चढतात, फुटलेली कौले बदलतात, सरकलेली सारखी करतात, कुजलेल्या रिपा काढून नव्या ठोकतात. या शाकारणीसाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही आणि काढावी असे कोणाच्या मनातही येत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेची २०१६ ची आवृत्ती उघडून पाहिली, तर ज्या कामांना परवान्याची आवश्यकता नाही अशा कामांची एक यादी तीत आढळते. बागकाम, रंगसफेदी, गिलावा, खिडकी उघडणे वा बुजविणे यांच्या पंक्तीलाच तेथे कौले बदलणे आणि छप्पर नव्याने घालणे ही कामे बसविली आहेत. इमारतीच्या स्थैर्याला बाध येऊ नये अशी अट अर्थातच आहे. पण ती पाळली गेली की नाही हे पाहावयास कोणी येत नाही.

याच्या नेमकी उलट स्थिती अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला आहे. तेथे भिंतीला रंग देणाऱ्यास कोणी विचारत नाही, परंतु जुने छप्पर काढून नवे घालावयाचे झाले की परवाना हवा, त्यासाठी छपरापुरता स्वतंत्र अर्ज हवा आणि काम चालू असताना निरीक्षकाने शिडी चढून ते पाहावयास हवे. हा केवळ शासकीय कागदांचा सोस आहे काय? मला तसे वाटत नाही. हे नियम कोठून आले, हे आधी सांगतो.

अँड्र्यूने काय दाखविले

अटलांटिक महासागरात उठणाऱ्या चक्रीवादळांना तिकडे हरिकेन म्हणतात. अरबी समुद्रातील आपल्या चक्रीवादळांचेच ते भावंड. २४ ऑगस्ट १९९२ रोजी पहाटे अँड्र्यू नावाचे हरिकेन मियामीच्या दक्षिणेस, होमस्टेड गावाजवळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६५ किलोमीटर होता, असे पुढे फेरतपासणीत ठरविण्यात आले. डेड परगण्यात, म्हणजे आजच्या मियामी-डेडमध्ये, २५ हजारांहून अधिक घरे नष्ट झाली आणि आणखी लाखभर घरांचे नुकसान झाले. अनेक विमा कंपन्यांचे दिवाळे निघाले.

एवढा वारा म्हटल्यावर घरे पडणारच, असे कोणीही म्हणेल. परंतु या परगण्याला १९५७ पासून स्वतःची बांधकाम संहिता होती आणि ती त्या देशातील कडक संहितांमध्ये गणली जात असे. मग घरे का गेली? ढिगाऱ्यांची पाहणी करणाऱ्यांना याचे उत्तर फार साध्या ठिकाणी सापडले. तिकडच्या छपरात वाशांवर प्लायवूडचे तक्ते आणि त्यांवर डांबरी आच्छादन किंवा कौले अशी रचना असते. अनेक घरांतील तक्ते खिळ्यांऐवजी हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने, बारीक तारेच्या पिना मारून बसविलेले होते. त्यांतील कित्येक पिना खालच्या वाशात शिरल्याच नव्हत्या. वाशाच्या शेजारून उतरून त्या नुसत्या लोंबत होत्या. दुपाखी छपराच्या त्रिकोणी टोकांना कित्येक ठिकाणी आतून आडवा आधार नव्हता. बांधकामांची गर्दी आणि निरीक्षकांची संख्या यांचा मेळ बसलेला नव्हता. तक्त्यावर आच्छादन पडले की पिन कोठे गेली आहे हे कोणालाच दिसत नाही. त्या घरांत ते प्रथम वाऱ्यालाच दिसले. संहिता ग्रंथात होती, पण ती खिळ्यापर्यंत पोहोचली नव्हती.

त्याच वादळात हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या स्वयंसेवकांनी गरिबांसाठी बांधलेली घरे तग धरून राहिली. ती राजवाडे नव्हती. हौशी माणसांनी हातोड्याने सढळपणे ठोकलेल्या खिळ्यांचा आणि नीट दिलेल्या आधारांचा तो परिणाम, असे त्या वेळी पुष्कळांनी नमूद केले आहे.

वारा उचलतो

येथे थोडे गणित सांगणे भाग आहे. छप्पर वाऱ्याच्या दाबाने खाली बसत नाही. वारा पाख्यावरून वेगाने वाहताना त्यावर ओढ निर्माण होते आणि छप्पर वर उचलले जाते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. भारतीय मानकातील सूत्राने हिशेब केला तर ताशी १२० किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भरतो. रिपांसह मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण ६५ किलो धरतात. म्हणजे कौलारू छप्पर तेथवर जेमतेम तोल सांभाळते. पातळ पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. कौलारू घर मोडून पत्रा घातला की वरचे ओझे कमी झाले म्हणून आपण समाधान मानतो. पण त्या ओझ्याबरोबर घराचा एक नांगरही गेलेला असतो, आणि आता सारा भरवसा आकडी बोल्टांवर असतो.

आणखी दोन गोष्टी. वळचण, आढे आणि कोपरे येथे ही ओढ मधल्या भागापेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणून पत्रा नेहमी कडेने सुटू लागतो. आणि वाऱ्याकडचे दार किंवा खिडकी एकदा फुटली की वारा घरात शिरून छप्पर आतूनही वर ढकलतो. वरून ओढ आणि खालून रेटा, असे दोन्ही एकदम आले की छप्पर अख्खे जाते.

अर्जात काय असते

अँड्र्यूनंतर तेथील नियम बदलले, ते या शास्त्राला धरून. १९९४ मध्ये खिडक्या, दारे आणि त्यांची झाकणे यांच्यासाठी एक कसोटी ठरली : सुमारे चार किलोचा लाकडी ओंडका ताशी ५५ किलोमीटर वेगाने त्यांवर फेकावयाचा आणि तो सोसला तरच माल बाजारात आणावयाचा. वादळात उडणारे वासे खिडकीवर येऊन आदळतात, त्याची ही नक्कल. पुढे १ मार्च २००२ पासून सबंध राज्याला एकच संहिता लागू झाली आणि मियामी-डेड व ब्रोवर्ड हे दोन परगणे अतिवेगवान वाऱ्याचे क्षेत्र म्हणून वेगळे काढण्यात आले. मियामी-डेडमध्ये साधे राहते घर ताशी १७५ मैल, म्हणजे सुमारे २८० किलोमीटरच्या झोतासाठी योजावे लागते.

छपराच्या अर्जात पाख्यांचा आराखडा, उतार, उंची आणि मधला भाग, कडा व कोपरे यांवर येणारी ओढ वेगवेगळी दाखवावी लागते. जो माल वापरावयाचा त्याला परगण्याचे मान्यतापत्र असावे लागते आणि त्या पत्रात किती खिळे, किती अंतरावर, कोणत्या लांबीचे, हे लिहिलेले असते. तक्ते ठोकण्यासाठी अंगावर वळ्या असलेले खिळे ठरवून दिले आहेत. गुळगुळीत खिळ्यापेक्षा ते लाकडात घट्ट रुततात. त्यांच्यातील अंतर साधारणतः सहा इंच. जुन्या घराचे छप्पर काढले की उघड्या पडलेल्या तक्त्यांना याच मापाने पुन्हा खिळे मारावे लागतात आणि तक्त्यांमधील फटींवाटे पाणी उतरू नये अशी दुसरी व्यवस्था आच्छादनाखाली करावी लागते. वरचे आच्छादन उडाले तरी घरात पाऊस येऊ नये, हा त्यातील हेतू आहे. २००२ पूर्वीच्या विशिष्ट किमतीवरील घरांचे छप्पर बदलताना, खर्चाची एक मर्यादा सांभाळून, छप्पर आणि भिंत यांचे जोडही बळकट करावे लागतात. कारण पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला बांधलेली नसेल, तर ही साखळी सर्वांत कच्च्या कडीशी तुटते.

या सर्वांत मला महत्त्वाची वाटते ती तपासणीची वेळ. निरीक्षक काम पूर्ण झाल्यावरच येतो असे नाही. खालचा थर ठोकला, वरचा अद्याप पडला नाही, अशा टप्प्यावर ठेकेदाराने त्याला बोलवावयाचे; त्याने पाहून सही केल्यावरच पुढील थर. जे झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी पाहावयाचे, हे त्या साऱ्या परवाना पद्धतीचे मर्म आहे.

या पद्धतीविषयी तेथेही कुरकुर आहे आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. शुल्क, विलंब, मान्यताप्राप्त मालाची किंमत हे सगळे अखेर घरमालकाच्या खिशातून जाते. बारा महिन्यांत छपराचा चतुर्थांशाहून अधिक भाग दुरुस्त केला तर सबंध भाग नव्या नियमांप्रमाणे करावा, असा एक नियम होता. अंगावर पाच-पन्नास कौलांचे काम आलेल्या माणसावर त्यामुळे अख्ख्या छपराचा खर्च पडे. २०२२ मध्ये तो सैल करण्यात आला आणि २००७ च्या किंवा त्यानंतरच्या संहितेनुसार घातलेल्या छपरांची त्यातून सुटका झाली. पण मूळ पद्धत कोणी मोडीत काढली नाही. २००४ मध्ये चार्ली वादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आले, तेव्हा सुधारित नियमांनी बांधलेल्या घरांचे नुकसान जुन्या घरांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले होते.

आपला किनारा

आता आपल्याकडे येऊ. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. मघाच्या हिशेबात मुद्दाम १२० चा आकडा घेतला तो याचसाठी. अँड्र्यूच्या निम्म्याहूनही कमी वेगाच्या या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत पत्रे आणि कौले कशी उडविली, हे तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मृग तोंडावर होता आणि डोक्यावर आभाळ. २००९ मध्ये फयान येऊन गेले होते, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यासमोरून गेले.

आपल्याकडे मानके नाहीत असे नाही. वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक ८७५, भाग ३, हे २०१५ मध्ये सुधारण्यात आले. बैठ्या घरांना चक्रीवादळात टिकविण्याच्या मार्गदर्शक सूचना भारतीय मानक १५४९८ मध्ये २००४ पासून आहेत. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. पहिल्या मानकात चक्रीवादळासाठी जो खास गुणक दिला आहे, तो पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा यांच्या ६० किलोमीटर पट्ट्यापुरता आहे. कोकण त्यात नाही. साध्या घराला तो गुणक तसाही एकच आहे, म्हणून तुमच्या घराचा हिशेब त्याने बदलत नाही. परंतु वादळानंतर ज्यांचा आसरा घ्यावयाचा त्या इमारतींना तो वाढीव आहे. निसर्गनंतर आपल्या किनाऱ्यावरील शाळा आणि दवाखाने योजताना या गोष्टीचा फेरविचार व्हावयास हवा, असे माझे मत आहे.

फ्लोरिडाचा अर्ज जसाच्या तसा आणून ग्रामपंचायतीच्या खिडकीवर ठेवावा, असे मी सुचविणार नाही. दर वैशाखात कौले परतणाऱ्या माणसाला रांगेत उभे करून काही साधणार नाही. उलट तो चोरून काम करील. पण झाकण्यापूर्वी पाहणे, एवढा भाग आपल्याला विनासायास घेता येईल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांत हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे, ठिकाणाची नोंद असलेले छायाचित्र घेतले जाते. त्यातच आणखी एक छायाचित्र, वासा आणि भिंत यांच्या जोडाचे, पत्रा चढण्याआधी घ्यावे. वादळानंतर घरदुरुस्तीचे साहाय्य देतानाही हेच करता येईल. नाही तर आपण उडालेल्या पत्र्याच्या जागी, त्याच जुन्या चार बोल्टांवर, सरकारी पैशाने नवा पत्रा घालून देऊ आणि पुढच्या वादळाला तोही उडून जाईल.

कारागीर बंधूंना वेगळे सांगावयाचे ते थोडे आहे. कोकणातील जुने चौपाखी घर हे दुपाखी घरापेक्षा वाऱ्याला सोयीचे आहे. त्याला उघडे त्रिकोणी टोक नाही. नवे घर बांधताना ते सोडू नका. पडवीचे छप्पर माजघराच्या छपराशी सलग घेऊ नका. पडवीखाली शिरलेला वारा पडवी नेईल, पण घर राहील. वळचण हातभर पुढे काढण्याची हौस आवरा. मंगळुरी कौलाच्या पाठीला तारेने बांधण्यासाठी छिद्र असलेला उंचवटा असतो. निदान कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तरी तारेने बांधा. पत्र्याच्या कडेला आणि कोपऱ्यांत बोल्ट दाट घ्या, प्रत्येकाखाली रुंद वॉशर घाला. पट्टी, बोल्ट, तार, सर्व जस्ताचा मुलामा दिलेले घ्या, कारण खाऱ्या हवेत साधे लोखंड आतून कधी संपते ते कळत नाही.

बाहेर अंगणात भिंतीचा एक तुकडा आणि त्यावर दोन वासे उभे करून ठेवले आहेत. भिंतीतून वर काढलेली लोखंडी पट्टी वाशावरून कशी वळवावयाची आणि दोन्ही बाजूंनी कशी ठोकावयाची, हे तेथे प्रत्यक्ष करून दाखविण्यात येईल. सुतार मंडळींनी आपापले हातोडे घेऊन तिकडे यावे, ही विनंती.